भिंतीअलीकडची आत्या

माझ्या आत्याला विचारलं, "आज ऑफिसात काय झालं?" तर ती म्हणायची, "चहा झाला." बस्स. ती सरकारी नोकरीत होती, आवक-जावक बघायची, टपाल येतं, टपाल जातं, यापलीकडे आम्हाला काही माहीत नव्हतं. आईची ठाम समजूत होती की वन्संना ऑफिसात कुणी विचारत नसणार, म्हणून घरी सांगण्यासारखं काही नसतं. मला मात्र राग यायचा. एखादा माणूस दिवसभर एका इमारतीत बसून येतो आणि सांगायला त्याच्याकडे एक भांडण नाही, एक चहाडी नाही, हे कसं शक्य आहे? तसा मला राग लवकर येतो. आत्या मला 'ठिणगी' म्हणते ते उगाच नाही.

बाबा गेल्यापासून घरात आम्ही बायकाच होतो. आई, आत्या, मी, आणि लग्न होईपर्यंत ताई. आत्याचं लग्न झालं नाही. का झालं नाही असं कुणी विचारलं की ती खिडकीबाहेर बघायची आणि विचारणाराच कंटाळून विषय बदलायचा. संध्याकाळी कामावरून आली की ती खिडकीजवळच्या खुर्चीत चहाचा कप घेऊन बसे. कप गार होई, त्यावर साय धरे, आणि तिला पत्ता नसे. आई ओरडायची, "वन्सं, चहा!" मग ती दचकून म्हणायची, "हो का? मी जरा बाहेर गेले होते." खुर्चीत बसल्या बसल्या बाहेर जाऊन येणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. आत्या बाहेर गेलीय, हाका मारू नका, असं आम्ही हसत म्हणायचो.

ती कुठे जायची ते मला फार उशिरा कळलं, ती निवृत्त झाल्यावर. तेव्हाही तिने कामाची रीत तेवढी सांगितली. खरा पत्ता एकही सांगितला नाही, आणि मी कमी खोदलं नाही.

ते ऑफिस लपलेल्या माणसांचं होतं. मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या बायका, धमक्या आलेले साक्षीदार, कुणाच्या तरी भीतीने गाव सोडलेली कुटुंबं. अशांना सरकार दुसरीकडे घर देई आणि त्यांचा पत्ता झाकून ठेवी. त्यांचं टपाल ऑफिसच्या पेटी क्रमांकावर येई आणि तिथून पुढे जाई. इमारत साधीच होती. खाली दाखल्यांच्या रांगा, जिन्यात पानाच्या नाही पण पायांच्या खुणा, भिंतींना तो सरकारी पिवळा रंग. वरच्या मजल्यावर शेजारी शेजारी खोल्या आणि मधे जाड भिंत. भिंतीच्या पलीकडच्या खोलीत नावं होती, अलीकडच्या खोलीत पत्ते. टपाल आलं की पलीकडचा कारकून त्यावरचं नाव वाचे, वरचं वेष्टण काढून टाके, आतली वस्तू खाकी कागदात नव्याने बांधे आणि त्यावर फक्त एक आकडा घाली. मग ते पुडकं भिंतीतल्या लाकडी कप्प्यात ठेवलं जाई. कप्प्याला दोन्हीकडे दारं होती, पण एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नसे. अलीकडे आत्या बसे. ती आकडा बघे, त्या आकड्याचा पत्ता काढून वर लिही आणि पुडकं रवाना करी. पलीकडच्याला नाव ठाऊक, पत्ता नाही. आत्याला पत्ता ठाऊक, नाव नाही. कुणी एकाला फितवलं तरी त्याच्या हाती अर्धंच काही लागावं, अशी ती योजना होती.

त्या पलीकडच्या माणसाला आत्या 'पलीकडचे' म्हणायची. दोघांचे जिने वेगळे, चहाच्या वेळा वेगळ्या, निरोपसमारंभालासुद्धा एकाच दिवशी बोलावत नसत. तिला त्यांचा चेहरा माहीत नव्हता. खोकला माहीत होता. कोरडा, दोनदा येणारा, मधे जरा थांबणारा. एकदा बाजारात दुकानासमोर उभी असताना तिच्या मागे अगदी तसाच खोकला आला. आत्या मागे वळली नाही. काही न घेता सरळ घरी आली आणि आईला म्हणाली, दुकान बंद होतं. मी हे ऐकून पोट धरून हसले. आत्याला त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.

आणि ती खुर्चीत बसून जायची ती त्या घरांत. दिवसभर तिच्या हाताखालून रस्ते जायचे, मजले जायचे, "बेकरीच्या मागे", "गंजलेल्या फाटकाशेजारी" असं काहीबाही जायचं, पण त्या घरात कोण राहतं हे तिला कधीच कळणार नव्हतं. मग ती मनाशीच माणसं बसवायची. एखाद्या आकड्याला तिने उंच, घोगऱ्या आवाजाची बाई दिली होती, जी सकाळी जिन्यात उभी राहून केस विंचरते. एखाद्याला एक म्हातारा, जो खिडकीत पाणी ठेवतो आणि पक्षी येत नाहीत म्हणून रुसतो. एखाद्या आकड्याचं टपाल बरेच दिवस आलं नाही की ती कासावीस व्हायची. आजारी असेल का, विसरली असतील का तिला तिची माणसं. मग एक दिवस कप्प्यात तो आकडा दिसला की तिचा जीव भांड्यात पडायचा. "मी त्यांच्याकडे नुसती जाऊन बसायची गं," ती मला म्हणाली. "कुणाला माझा त्रास नव्हता."

कडक नियम एकच होता. ज्याच्याकडे चुकून दोन्ही अर्धे आले, म्हणजे नावही कळलं आणि पत्ताही, त्याने त्याच दिवशी साहेबांना जाऊन सांगायचं. त्याला शिक्षा नसे. पण त्याला त्या खोलीतून कायमचं उठवत, आणि त्या घरातल्या माणसांना पुन्हा नवीन जागी हलवत.

ताईचं लग्न चांगल्या घरात झालं असं सगळे म्हणत. भावजी दिसायला नेटके, बोलायला लाघवी. आईशी बोलताना तर त्यांच्या तोंडात साखर असायची. ते ताईवर हात टाकतात हे ताईने आईला एकदा सांगितलं होतं. आई म्हणाली, संसारात होतं असं, पहिली वर्षं जड जातात. मग एक दिवस ताई मुलाला घेऊन नाहीशी झाली. आठवडाभराने आईला एक कार्ड आलं. त्यावर ताईच्या अक्षरात एवढंच होतं की आम्ही सुखरूप आहोत, शोधू नका, काही पाठवायचं तर या पेटी क्रमांकावर पाठवा. आईने ते कार्ड उशीखाली ठेवलं आणि दिवसातून किती वेळा काढून बघायची याला गणती नव्हती.

थंडी सुरू होण्याआधी आईने नातवासाठी स्वेटर विणला. लोकरीला कसर लागू नये म्हणून ती घडीत लवंगा घालते, तशा याही घडीत मूठभर घातल्या. जेवणाच्या टेबलावर तिने पार्सल बांधलं आणि वर पेटी क्रमांक लिहिला. आत्या समोर बसली होती. तो क्रमांक तिच्याच ऑफिसचा होता. तिच्या हातातला चमचा बराच वेळ हातातच राहिला. मी म्हटलं, "आत्या बाहेर गेली वाटतं." ती हसलीसुद्धा नाही.

खरं तर तेव्हाच तिने साहेबांकडे जायला हवं होतं. माझी भाची तुमच्या यादीत आहे, एवढं सांगायला हवं होतं. पण तिने मनाची समजूत घातली की पत्त्यांची टेबलं आणखीही आहेत, आकडे वाटलेले आहेत, ताईचा आकडा दुसऱ्या कुणाकडे असेल. ती मला म्हणाली, "ती समजूत खोटी होती. मला आशा होती गं. माझ्याच टेबलावर यावं अशी."

आणि शुक्रवारी दुपारी कप्पा उघडला तर आतून लवंगांचा वास आला.

पलीकडच्यांनी सगळं नियमाने केलं होतं. वेष्टण काढलं होतं, खाकी कागद घातला होता, दोरी सरकारी होती. डोळ्यांना कळू नये म्हणून त्या ऑफिसने काय काय केलं होतं, पण नाकाचा विचार कुणाच्या डोक्यातच आला नव्हता. आत्याने पुडकं उचललं. मऊ होतं. तिने आकडा बघितला, पत्ता काढला, आणि नेहमीच्याच अक्षरात तो वर लिहिला. मग पुडकं पाठवून दिलं. साहेब त्या दिवशी बैठकीला बाहेर गेले होते. सोमवारी सांगू, असं तिने ठरवलं. साहेबांच्या हाताखालच्यांना सांगता आलं असतं हे तिलाही ठाऊक होतं.

ते दोन दिवस मला आठवतात, कारण त्या दोन दिवसांत आत्या इतकी सुंदर दिसत होती की मी तिला चिडवलं, कुणी भेटलं का म्हणून. ती खिडकीत बसायची आणि तिचा चेहरा उजळायचा. आता मला कळतं ती कुठे होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला एका घरातली माणसं खरी मिळाली होती. ती त्या रस्त्याने चालत जायची, जिना चढायची, दारावर हात ठेवायची. ताई आतून विचारायची, कोण आहे? आत्या काही बोलायची नाही. भाचरू जमिनीवर बसून काहीतरी खेळत असायचं, त्याच्या अंगात नवा स्वेटर असायचा, बाह्या जरा लांब. ताईने केस कापले असतील असं तिला वाटायचं. खिडकीतून ऊन यायचं. ती तिथे बसायची, ऊन सरकताना बघायची आणि परत यायची, पुन्हा जायची. मला हे सांगताना तिचे डोळे मिटलेले होते.

रविवारी जेवताना आईने नेहमीचा सूर लावला. पोर आता शाळेच्या वयाचं झालं, तिथे शाळा असेल का, असली तर किती लांब असेल, ताई एकटी कशी नेत-आणत असेल.

"आहे जवळच," आत्या म्हणाली.

आईचा हात थांबला. "काय म्हणालात?"

"असेल, म्हटलं. असतेच जवळपास."

आईने तिच्याकडे जरा बघितलं आणि पुन्हा वाढायला लागली. मी तर लक्षच दिलं नाही. पण आत्याने ताट बाजूला सारलं. ती उठून मोरीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली. इतकी वर्षं जिने कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती, तिच्या तोंडून ते वरणभात वाढता वाढता घरंगळलं होतं. कुणी धमकावलं नव्हतं, कुणी पैसे देऊ केले नव्हते. समोर फक्त एक काळजीत पडलेली आई होती. "तेव्हा मला कळलं," आत्या म्हणाली, "की मी काही फार मोठी विश्वासाची बाई नाही. मला आजवर नावं माहीत नव्हती, एवढंच."

सोमवारी ती साहेबांच्या दारात त्यांच्याही आधी जाऊन उभी राहिली.

साहेब ओरडले नाहीत. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, शुक्रवारीच का नाही सांगितलं ते विचारलं. तिने आहे ते सांगितलं. त्याच दिवशी तिची खोली गेली. तिला तळमजल्यावर कागद, शाई आणि टाचण्यांच्या कोठारात बसवलं. वरून आपला डबा आणि शाल घेऊन निघताना भिंतीपलीकडे तो खोकला आला, दोनदा. तिला कप्प्याच्या दारावर टकटक करावीशी वाटली. तिने केली नाही.

आईला सांगायचं कुणी, हा प्रश्न होता. आत्या म्हणाली, मी सांगते. साहेबांनी जेवढ्याची परवानगी दिली तेवढंच तिने त्या संध्याकाळी सांगितलं, उभ्या उभ्या, चप्पलही न काढता.

"वहिनी, ताईला जिथे ठेवलं होतं तिथून आता हलवणार आहेत. माझ्यामुळे. मला तिचा पत्ता कळला होता. आता काही महिने तिला काही पाठवता येणार नाही."

आईला आधी समजलंच नाही. मग हळूहळू सगळं समजलं. आत्याचं काम, शुक्रवार, रविवारची शाळा. आई कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशीही चढवला नाही, आणि तेच ऐकवेना.

"तुम्हाला माहीत होतं. माझ्या समोर बसून जेवलात तुम्ही."

"हो."

"एक शब्द बोलला नाहीत. आणि बोललात ते त्या साहेबाशी. पोरगी कुठे जरा टेकली असेल, तिला पुन्हा उठवलंत."

"हो."

"आता तरी सांगा. तिथे ती नाहीच ना? मग सांगा मला, कशी जागा होती. उजेड होता का घरात?"

आत्याने मान हलवून नाही म्हटलं. सांगणार नाही, अशा अर्थी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सोडून गेलेल्या घरात उजेड होता का हे सांगायला काय हरकत होती? मी आत्याला नाही नाही ते बोलले, आणि त्यातलं निम्मं मला आजही बरोबर वाटतं. नियम करणाऱ्यांना मुली नसतात का? आई त्या दिवसापासून आत्याशी बोलेनाशी झाली. एका घरात राहायचं, एका पातेल्यातलं जेवायचं, आणि निरोप माझ्यामार्फत. "तुझ्या आत्याला सांग, दूध तापवलंय." आत्या शेजारीच उभी असायची.

भावजी अधूनमधून यायचेच. फळं आणायचे, आईची विचारपूस करायचे, खालमानेने बसायचे. असेच एका सुटीच्या दुपारी आले, आत्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. चांगलेच वाळले होते. मुलाचं जुनं लाकडी खेळणं त्यांनी खिशातून काढून टेबलावर ठेवलं आणि रडायला लागले. माझा त्यांच्यावर कधीच विश्वास नव्हता, पण रडणं खरं वाटत होतं. कदाचित खरंच असेल.

"आई, मी बदललोय," ते म्हणाले. "मला काही नको. पोराला एकदा लांबून बघू दे, मी बोलणारसुद्धा नाही."

आईच्याही डोळ्यांना धार लागली. तिने त्यांच्यापुढे चहा ठेवला. "मला माहीत असतं तर..." ती म्हणाली आणि थांबली. मग तिने खिडकीकडे हात केला. "यांना विचारा. यांना माहीत होतं."

भावजींचं रडणं थांबलं. एकदम थांबलं, नळ बंद करावा तसं. त्यांनी खुर्ची आत्याकडे वळवली.

"हो का, आत्या?"

"होतं," आत्या म्हणाली. "आता ती तिथे नाही."

"नसेना का. कुठे होती ते सांगा. शेजारीपाजारी असतील, शाळा असेल. कुणाला तरी माहीत असेल पुढे कुठे गेली." ते हसत होते. "मी विचारेन त्यांना, नीट."

"ते मी सांगणार नाही."

"आई," भावजी म्हणाले, "तुम्ही सांगा ना यांना." आणि त्यांनी आईचा हात हातात घेतला. विनवणी करताना घेतात तसाच घेतला. फक्त सोडला नाही. त्यांचं बघणं आत्याकडे होतं, तोंडावर हसू होतं, आणि आईचा चेहरा हळूहळू पांढरा पडत चालला होता.

"सोडा," आई म्हणाली. "दुखतंय. सोडा मला."

"सांगा, आत्या."

मी दार सताड उघडलं आणि जिन्यात जाऊन शेजारच्या काकांच्या नावाने अशी किंचाळले की वरच्या मजल्यावरची दारंही उघडली. तेव्हा त्यांनी हात सोडला. शर्ट नीट केला, आईला वाकून नमस्कार केला आणि जिन्यातल्या लोकांना "जरा वाट द्या" म्हणत खाली उतरून गेले. खेळणं घेऊन गेले.

काका बराच वेळ दारात थांबले, मग तेही गेले. आई टेबलाशी बसून आपल्या मनगटाकडे बघत होती. बोटांचे वळ उठले होते, चार एका बाजूला, एक दुसऱ्या. ताई लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा तिच्या मनगटावर असेच वळ होते. ताई म्हणाली होती, दारात हात अडकला. आईने तिला हळद लावली होती आणि दार सावकाश लावत जा असं सांगितलं होतं.

आत्या ओल्या फडक्याने ते मनगट शेकायला बसली. 

"वन्सं," आई म्हणाली. कित्येक दिवसांनी तिने तिला हाक मारली होती. "मला माहीत असतं ना, तर मी सांगितलं असतं त्याला. हात धरायच्याही आधी. चहा ओतता ओतता सांगितलं असतं."

"जुना पत्ता माझ्याही ओठांवर आला होता, वहिनी," आत्या म्हणाली. "तुमचा हात बघून. आणखी जरा वेळ गेला असता तर मी बोलले असते."

 ताई त्या क्षणी कुठेतरी होती, कुठल्यातरी रस्त्यावर, कुठल्यातरी दाराआड, आणि त्या खोलीतल्या आमच्यापैकी एकीलाही ते ठिकाण माहीत नव्हतं. आईने फडकं बाजूला केलं आणि आत्याचा हात घट्ट धरला.

"कधी पुन्हा कळलं तर मला सांगू नका," ती म्हणाली. "मी पाया पडले तरी सांगू नका."

"बरं," आत्या म्हणाली.